तांडूरच्या तीन फेऱ्या

हैदराबाद,
२४ नोव्हेंबर

प्रिय भामावन्सं,

प्रमिलाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भावजींनी खोकल्याचं औषध घेतलं की अजून लवंगच चघळतायत? उदगीरला थंडी पडली असेल. इथे सकाळी गच्चीवर गेलं की थोडी लागते, दहा वाजेपर्यंत तीही गायब. अफझलगंजातला आपला गाळा तर थंडीला ओळखतच नाही. हमालांचा आरडाओरडा, मिरच्यांची पोती आणि शिंका, सगळं तुमच्या आठवणीतलंच.

फोन करायचा सोडून पत्र का, असं म्हणाल. तुमच्या घरचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, वन्सं. मी "कशा आहात" म्हटलं की तुमच्या आधी तुमची सूनबाई "बऱ्या आहेत" म्हणते. शिवाय तुम्हाला लिहायची माझी जुनी सवय, लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची. आणि इथे पत्र टेबलावर उघडं टाकलं तरी भीती नाही. आमच्या शिल्पाला जोडाक्षर दिसलं की ठेच लागते.

आता गाडीचं, म्हणजे आपल्या ट्रकचं. तुमच्या दादांची गाडी दसऱ्यापासून कुरकुरते आहे. सपाटीवर ठणठणीत, पण चढ आला की ओढच नाही. यादगिरी इतकी वर्षं तीच गाडी चालवतोय, तो परवा गाळ्यात येऊन डोक्याला हात लावून बसला. "अम्मा, नीचे रोड पे शेर है, चढान आया की बकरी हो जारी. उस का दम घुटरा." मी म्हटलं, माल जास्त भरला असशील. तर माझ्यावरच रुसला.

मग फिल्टर बदलले. फरक नाही. ऑटोनगरात एक पंपवाले मिस्त्री आहेत, डिझेलचे पंप आणि नोझल एवढंच काम करतात, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी इंजिन चालू करून एका लांब पेचकसाचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं, झोपले की काय. मग म्हणाले, डिझेलचं प्रेशर पडत असणार. टाकीतून डिझेल छोट्या पंपानं ओढलं जातं, ते फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे जातं, आणि तिथे पुरेशा जोरानं पोचलं नाही तर इंजिन उपाशी राहतं. पण त्यांच्या अंगणात गाडी काही केल्या उपाशी राहीना. तासभर चालू ठेवली, त्यांनी लावलेल्या प्रेशरच्या गेजचा काटा जागचा हलला नाही. मिस्त्री म्हणाले, "ही रस्त्यावरच रुसते. रस्त्यावरच बघायला पाहिजे की."

तर वन्सं, तुमची वहिनी परवा तांडूरला जाऊन आली! हसू नका. आपल्याला पशुखाद्याची पोती तिकडे टाकायची होती आणि येताना तुरीची डाळ भरायची होती. मिस्त्रींनी प्रेशरच्या गेजला लांब रबरी नळी जोडून ते केबिनच्या खिडकीशी तारेनं बांधलं. चढावर त्यांना इंजिनचा आवाज ऐकायचा असतो, यादगिरीला रस्ता बघायचा असतो, मग काटा कोण बघणार? ते काम माझ्याकडे आलं. शिल्पा म्हणाली, "आई, गाडीत जीपीएस आहे, तू कशाला जातेस?" तिला वाटतं, जीपीएसनं पोटदुखीही कळते.

तुमचे दादा होते तेव्हा मी या गाडीत किती वेळा बसले असेन? पूजेला, आणि एकदा तुमच्याकडे जाताना. परवा मात्र सगळा रस्ता बघितला. चेवेळ्याच्या बाजूला रस्त्याकडेला जुने वड आहेत. सकाळची वेळ, धुकं होतं, त्यांच्या पारंब्या आधी दिसायच्या आणि झाड मागून. ट्रकच्या केबिनमधून जग फार खाली आणि फार हळू जातं, वन्सं. मोटारीत असं नाही होत. पुढे विकाराबादनंतर तूर फुलली होती, जिकडेतिकडे पिवळी. मी काटा बघायची सोडून तेच बघत बसले. मिस्त्रींनी विचारलं, "काटा?" मी म्हटलं, "आहे की जागेवर." बघितलं तर खरंच होता, म्हणून लाज वाचली.

अनंतगिरीच्या चढावर मात्र काटा पडला. अगदी माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू खाली आला, डुलकी लागलेल्या माणसाची मान येते तसा. इंजिनही खोल गेलं. यादगिरीनं गाडी कडेला घेतली, आम्ही चहा प्यालो, त्यानं टाकीत डिझेल किती आहे ते काठी घालून बघितलं, आणि परत निघालो तर गाडी एकदम शहाणी. याला काय म्हणावं? मिस्त्री म्हणाले, छोटा पंप बदलून बघू.

शोध लागेपर्यंत आणखी एखादी फेरी करावी लागेल असं दिसतं. काळजी करू नका. तुमच्या दादांची गाडी आहे, ती अशी टाकून देणार नाही. शिल्पानंतर जगात माझं म्हणावं असं माणूस तुम्हीच, आणि तुमचा जीव त्या गाडीत आहे, हे मला ठाऊक आहे.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची
प्रमिला


हैदराबाद,
५ जानेवारी

प्रिय भामावन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र आणि शेंगदाण्याची चटणी दोन्ही पोचली. चटणी यादगिरीनं निम्मी नेली. "तुमारी ननद के हाथ में जादू है" म्हणाला. तो चढावर तुमच्या नावानं नारळ फोडायचा म्हणतोय, गाडीसाठी.

तुम्ही लिहिलंय, "एवढे दिवस झाले, त्या मिस्त्र्याला काही कळतंय का नाही? दुसरा बघ." दुसरा कशाला, वन्सं? काम चाललंय की. त्यांनी छोटा पंप बदलला, तरी तेच. मग नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी बसवली, कुठून हवा ओढली जात असली तर बुडबुडे दिसतात म्हणे. एक बुडबुडा दिसला नाही. अंगणात गाडी गरीब गाय, आणि बाहेर पडली की हट्टी.

आणि ते मिस्त्री म्हणजे अगदीच कुणी ऐरेगैरे नव्हेत. बाळकृष्णराव. जामबागेतलं जुनं घर त्यांचं. आजोबा वकील, वडील शाळेत शिकवायचे, घरात सगळ्यांना वाटलं हेही कोर्टात नाहीतर शाळेत जाणार. हे कॉलेज सोडून डिझेलच्या पंपांकडे गेले. घरचे म्हणायचे, हात काळे करणारा आमच्यात हाच. आई अंथरुणाला खिळून होती, तिचं करता करता लग्न राहून गेलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. हे सगळं मी खोदून विचारलं असं नाही. तांडूर लांब आहे आणि यादगिरी गाडी चालवताना बोलत नाही, मग कुणीतरी बोलणार.

दुसरी फेरी परवा झाली. यावेळी त्यांनी टाकीशी संबंधच तोडला. डिझेलचा मोठा डबा केबिनच्या मागे बांधला आणि नळी थेट त्यात सोडली. गाडी डब्यावर अनंतगिरी चढली, अशी की यादगिरी गाऊ लागला! मी काटा बघत होते, हललासुद्धा नाही. बाळकृष्णराव खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, कळलं का काही? म्हणाले, "हौ, म्हणजे दोष टाकीच्या बाजूचा. बघू." मग तांडूरला टाकीतली जाळी काढून धुतली, नळीत हवा मारली, आणि परत येताना गाडी पुन्हा टाकीवर जोडली.

तांडूरला ते जाळी धूत होते तेव्हा मी फरशीच्या ढिगावर बसून होते. त्या गावात जिकडे बघाल तिकडे फरशी, निळसर, ऊन लागून गरम झालेली. समोर तुरीची डाळ भरत होते, तिचा वास येत होता. बाळकृष्णरावांनी मला बोलावून तो लांब पेचकस माझ्या हातात दिला. टोक पंपावर, मूठ कानाशी. सुरुवातीला नुसता गोंगाट. ते म्हणाले, "जरा ठैरा. गोंगाट जाऊ द्या." मी डोळे मिटले. मग त्या सगळ्या धडधडीच्या मागे एक बारीक ठोका ऐकू यायला लागला, शेजारच्या घरात कुणीतरी ताक घुसळतंय असा. तो एवढा शांत होता, वन्सं, की मला पेचकस खाली ठेववेना. इतकी वर्षं या गाडीवर आमचं पोट चाललं आणि तिच्या आत असा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं.

परतताना अनंतगिरीला काटा पुन्हा पडला. गाडी थांबवली. यादगिरी आणि बाळकृष्णराव इंजिनपाशी गेले, मी खाली उतरून टाकीच्या बाजूला पाय मोकळे करत होते. तिथे माकडं आहेत बरीच, एक तर थेट टाकीवर येऊन बसलं. मी त्याला हाकललं. मग पुन्हा निघालो आणि काय झालं कोण जाणे, गाडी आपोआप सुधारली, थेट घरापर्यंत. बाळकृष्णरावांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "आणखी एक फेरी करून बघायला पाहिजे." मी म्हटलं, करू की.

शिल्पाला माझ्या या फेऱ्यांच्या ओढीचं नवल वाटतंय. परवा म्हणाली, आई, तू आजकाल खिडकीत उभी राहून हसतेस. मी म्हटलं, शेजारच्या गच्चीवर कबुतरं आहेत. आहेतही.

एक विचारायचं राहिलं, उगीच आपलं. दसऱ्याला तुम्ही गाडीच्या पूजेला कुंकू कशात कालवलं होतं? दरवर्षीसारखं पाण्यातच ना? ते फार छान बसलंय. इतका पाऊस-धूळ खाऊन अजून जसंच्या तसं आहे. सहज विचारते.

संक्रांतीला तिळगूळ पाठवते. तुमच्यासारखा होत नाही, पाक चिवट होतो, दात सांभाळा.

तुमची
प्रमिला


हैदराबाद,
१ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघ्यासाठी तेल पाठवलंय, कोमट करून लावा. इकडे सगळं ठीक. गाडीही ठीक. पूर्ण ठीक. आता चढावर काटा हलत नाही.

हे एवढंच लिहून पत्र बंद करावं असं तीनदा मनात आलं. पण तुम्ही मागच्या पत्रात किती हौसेनं लिहिलंत: "अगं, यंदा पाण्यात नाही, जवसाच्या तेलात कालवलं. हळद-कुंकू दोन्ही. आमच्या ह्यांच्या शेतातलं जवस. पाण्याचं दोन दिवसांत धुवून जातं, दादाच्या गाडीवर वर्षभर टिकावं म्हणून. आणि टाकीच्या झाकणावर तर चांगलं जाड लावलं, तेच तर गाडीचं तोंड. दादा असता तर म्हणाला असता, भामे, ह्याला म्हणायची पूजा." मी ते गाळ्यातच दोनदा वाचलं. तुमच्यापासून काही लपवणं मला जमणार नाही.

वन्सं, जवसाचं तेल वाळलं की कडक होतं. सुतार दाराला लावतात ना, तसं. टाकीच्या झाकणात एक बारीक भोक असतं, टाचणी जाईल एवढं. टाकीतून डिझेल जातं तशी त्या भोकातून हवा आत येते. हवा आलीच नाही तर टाकीत पोकळी होते आणि टाकी डिझेल सोडत नाही. अंगणात दर वेळी आधी झाकण उघडून डिझेल बघायचे, की हवा आत, की गाडी बरी. रस्त्यावर तास दोन तास झाकण बंद, भरलेली गाडी, चढ, की टाकी घट्ट धरून बसायची. तुमच्या कुंकवानं ते भोक बुजलं होतं. एवढंच झालं होतं. तुमच्या हातून गाडी बिघडली असं एक क्षणही मनात आणू नका. इतक्या मायेनं लावलेलं, ते घट्ट बसणारच.

हे मला कधी कळलं, ते आता सांगते. दुसऱ्या फेरीत. माकडाला हाकललं असं मी लिहिलं होतं. माकड खरंच होतं. पण ते गेल्यावर झाकणावरच्या तुमच्या कुंकवावर धूळ बसलेली दिसली, ती पदरानं पुसताना झाकण हाताला लागलं, आणि सहज फिरवलं. आतून लांब स्स्स असा आवाज आला. टाकीचा पत्रा ढब् करून बाहेर आला. मी तिथे उभी, हातात झाकण, आणि मला सगळं समजलं. यादगिरी म्हणत होता ते दम घुटणं हेच.

आणि मी झाकण परत घट्ट लावलं. कुणाला काही बोलले नाही.

का, ते त्या वेळी मी स्वतःला असं सांगितलं, की वन्संना वाईट वाटेल. मिस्त्री हसतील, यादगिरी गावभर करेल, बहिणीच्या कुंकवानं भावाची गाडी बंद पडली म्हणून. हे खरंही होतं. पण पुरतं खरं नव्हतं. दोष सापडला असता तर फेऱ्या संपल्या असत्या. तिसऱ्या फेरीला निघताना सकाळी मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला ते स्वच्छ कळलं. गाडी बरी होऊ नये असं मला वाटत होतं. तुमच्या दादांची गाडी, आणि ती आजारी राहावी म्हणून मी मनात देवाला सांगत होते. या वयात! बाई, बाई.

तिसरी फेरी संक्रांतीनंतरची. धुकं नव्हतं, ऊन कोवळं, वडाखाली शाळेची मुलं बसची वाट बघत होती. तुरीची कापणी होऊन शेतं मोकळी झाली होती, पहिल्या फेरीला पिवळं होतं ते सगळं आता तांबूस. काटा बघणं माझ्याकडेच. विकाराबाद गेलं, चढ सुरू झाला, आणि काटा हळूच खाली यायला लागला. मी तो बघत राहिले. सांगितलं नाही. बाळकृष्णनीही विचारलं नाही.

यादगिरीनंच गाडी थांबवली. "अम्मा, फिर वही!" बाळकृष्णनी त्याला म्हटलं, "तू चाय पिऊन ये. आरामात." तो चहाच्या टपरीकडे गेला. आम्ही दोघं टाकीपाशी आलो. ते झाकणाकडे बघत म्हणाले, "प्रमिलाबाई, तुम्हीच उघडा."

मी उघडलं. स्स्स आवाज झाला, पत्रा ढब् करून बाहेर आला. दोघांनाही नवल वाटलं नाही, तेव्हा मी ओळखलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत?" मी विचारलं.

"डब्यावर गाडी चढली तेव्हापासून. पंपवाल्याला तेवढं कळायला पाहिजेच की." मग म्हणाले, "ती जाळी मी उगीच धुतली. स्वच्छच होती. तुम्हाला?"

"परतताना. माकड बसलं होतं तेव्हा."

वन्सं, आम्ही हसलो नाही. हसावं असं होतं खरं, दोन पिकल्या केसांची माणसं टाकीसमोर चोरी पकडल्यासारखी उभी. पण माझे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, झाकण नवं घ्या, हे काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल. त्यांनी झाकण हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं. विचारलं, "हे कुंकू कुणी लावलं?" मी सांगितलं, माझ्या नणंदेनं. दर दसऱ्याला उदगीरहून येते, भावाच्या गाडीची पूजा करायला. भाऊ गेल्यावरही चुकली नाही.

त्यांनी म्हटलं, "मग झाकण बदलायचं नाही. कुंकूही काढायचं नाही. भोकापुरतं मोकळं करू. सेफ्टी पिन आहे?"

माझ्या बांगडीला होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, झाकण मांडीवर घेतलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून पिनेच्या टोकानं ते भोक कोरत बसले. इतक्या हलक्या हातानं, की भोवतालच्या कुंकवाचा कण हलू नये. मधे फुंकर मारायची, पुन्हा कोरायचं. झाडांतून ऊन त्यांच्या काळ्या बोटांवर पडलं होतं. मी बाजूला उभी होते आणि मला वाटलं, हा माणूस माझ्या आयुष्यातलं जे होतं त्याला धक्का न लावता आत येईल. मला दुसरं काही बघायचं नव्हतं.

झाकण लावल्यावर मी म्हटलं, "संपल्या फेऱ्या."

ते म्हणाले, "गाडीच्या संपल्या. आपल्या कशाला संपायच्या?" मग जरा थांबून, जमिनीकडे बघत, "मला बोलता येत नाही नीट. घरी येतो तर घर रिकामं असतं, त्याची सवय होती. आता ती सवय मोडली काय की. तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

यादगिरी येताना दिसला, म्हणून मी लगेच काही बोलले नाही. गाडी चढ चढली, एकदाही कुरकुरली नाही. तांडूरला माल उतरवला, डाळ भरली. परतताना उन्हं कलली होती, चेवेळ्याचे वड आले, सावल्या रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. पारंब्या केबिनच्या छपराला घासत होत्या, तो आवाज फार छान होता. काटा जागेवर होता आणि मला तो बघायची गरज नव्हती. तिथे मी म्हटलं, "हो." इंजिनचा आवाज होता, तरी त्यांना ऐकू गेलं. यादगिरीलाही गेलं. तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "अच्छा हुआ, अम्मा. मैं बोलने वाला च था."

शिल्पाला सांगितलं. ती आधी गळ्यात पडली, मग म्हणाली की तिला पहिल्या फेरीपासून संशय होता. कबुतरांवर तिचा विश्वास बसला नव्हता. ते जातीचं, घराण्याचं, लोक काय म्हणतील ते सगळं तिनं एका वाक्यात उडवलं. जामबागेतल्या त्यांच्या चुलत्यांनी नाक मुरडलं आहे म्हणे. मुरडू दे. लग्न रजिस्टर पद्धतीनं, होळीनंतर, चारच माणसं.

तर वन्सं, मी परवानगी मागत नाही. हो म्हणून झालं आहे, आता मागितली तर ते खोटं होईल. तुमच्या दादांबरोबर मी सुखात राहिले, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. त्यांची आठवण कमी झाली म्हणून हे होत नाही. केबिनमध्ये त्यांचा फोटो आहे तसा आहे, आणि बाळकृष्ण गाडीत चढताना दर वेळी त्याला हात जोडतात, मी सांगितलं नव्हतं. गाडी आपलीच राहील. दसऱ्याची पूजा तुमचीच, जवसाच्या तेलातलीच करा, फक्त मधे टीचभर जागा सोडा.

मला भीती आहे ती एकाच गोष्टीची. तुम्ही गप्प व्हाल याची. रागावलात, भांडलात, चार शब्द वाकडे लिहिलेत, तर मी ते झेलीन, मला येतं तुमच्याशी भांडता. पण तुम्ही "बरं" म्हणून फोन ठेवलात आणि पुन्हा पत्र आलं नाही, तर मी काय करू? तुमचे दादा गेले त्या दिवशी सगळ्या बायका माझ्या बांगड्यांकडे बघत होत्या. तुम्ही एकट्या माझ्या शेजारी बसून मला भात भरवलात. तुमचा स्वतःचा भाऊ गेला होता, तरी. आई नव्हती मला, बहीण नव्हती. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या दोन्ही आहात. त्या घराण्यातलं मला काही नको, वन्सं. तुम्ही हव्या आहात.

लोक म्हणतील, दुसऱ्याची झाली, आता हिची नणंद कुठली. मी विचार करून करून थकले आणि एका जागी येऊन थांबले. भाऊ गेल्यावरही तुम्ही माझ्या नणंद राहिलात, तेव्हा ते नातं त्यांच्या जिवावर चालत नव्हतं, तुमच्या-माझ्या जिवावर चालत होतं. मग माझ्या लग्नानं ते का तुटावं? तुम्ही मला पुढच्या पत्रात नुसतं प्रमिला म्हणा, बाई म्हणा, काही म्हणू नका. तो तुमचा हक्क. मी मात्र माझं 'वन्सं' लिहिणं बदलणार नाही. बाळकृष्णना तसं सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "बदलायला सांगेन असा मी कोण?"

तुमची, लग्नाच्या आधीही आणि नंतरही,
वहिनीच,
प्रमिला